बल, अंतर आणि परिबल: यंत्राशी रोज गाठ पडणाऱ्यांसाठी

बल आणि परिबल या दोन राशींचा संबंध यंत्रशास्त्राच्या अगदी प्रारंभीच्या प्रकरणांत शिकविला जातो, आणि तरीही तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण असो की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा दाखला मिळविलेला कारागीर असो, प्रत्यक्ष यंत्रापुढे उभा राहिला म्हणजे त्याच्या मनात या दोहोंची सरमिसळ होते, आणि जेथे अंतर वाढवावयाचे तेथे तो जोर वाढवितो, तर जेथे हात आवरता घ्यावयाचा तेथे पान्याला नळी जोडून दांडा लांबवितो. या सरमिसळीची किंमत तुटलेले बोल्ट, झिजलेली बेअरिंगे, विनाकारण थकलेली जनावरे आणि क्वचित माणसाचा हात अशा रूपाने वसूल होत असते. पुसद-उमरखेडपासून वणी-झरीपर्यंत पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्यांचा नित्याचा व्यवहार हातपंप, वखर, विहिरीवरील मोटार आणि ट्रॅक्टर यांच्याशी आहे, त्यांना आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुलांना हा विषय त्यांच्याच अंगणातील वस्तूंवरून समजावून द्यावा, एवढ्याच हेतूने हे विवेचन केले आहे.

प्रथम व्याख्या नीट लावून घेऊ. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. त्याला परिमाण असते, दिशा असते, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोग्रॅमची वस्तू हातावर धरली असता हाताला जो भार जाणवतो तो सुमारे ९.८ न्यूटन, व्यवहारात दहा धरला तरी चालतो. परिबल, ज्याला कारखान्यात सर्वजण टॉर्क म्हणतात, म्हणजे त्या बलाची एखाद्या आसेभोवती वस्तूला फिरविण्याची क्षमता. आणि ती काढण्याची रीत अशी की, ज्या रेषेत बल लागले आहे ती रेषा दोन्ही बाजूंना लांबवावी, आसेपासून त्या रेषेवर लंब टाकावा, आणि त्या लंबाच्या लांबीने बलाला गुणावे. अंतर मीटरमध्ये घेतले तर परिबल न्यूटन-मीटरमध्ये येते. येथे एक बाब विसरू नये: अंतर मोजावयाचे ते आसेपासून हातापर्यंतचे नव्हे, आसेपासून बलाच्या रेषेपर्यंतचे. ही दोन्ही अंतरे सारखी असतात ती केवळ बल दांड्याशी काटकोनात असेल तेव्हाच, आणि माझ्या मते उत्तरपत्रिकांतील निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ या एका विस्मरणात आहे.

आता गावातील हातपंपाकडे वळू, कारण तरफेचा इतका निर्दोष नमुना दुसरीकडे सहसा सापडत नाही, आणि त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. आपल्या प्रदेशातील बेसाल्टाच्या कठीण खडकात खोल विंधन विहिरी खोदण्याचे काम १९७२च्या दुष्काळानंतर मोठ्या प्रमाणावर वाढले. परंतु त्या विहिरींवर आरंभी जे बिडाचे पंप बसविले जात ते मुळात एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाचे पाणी ओढता ओढता त्यांचे सांधे झिजून ते बंद पडत. ख्रिस्ती मिशनच्या कामाच्या निमित्ताने जालन्यात आणि पुढे सोलापुरात या पंपाची फेररचना झाली. अनेक सांध्यांच्या जागी एकच पक्की आस आणि बिडाच्या जागी पोलाद असा पालट झाला. आणि त्याच पायावर १९७०च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला, जो आज देशभर आणि देशाबाहेरही उभा दिसतो.

या पंपाच्या डोक्याचे झाकण दुरुस्तीच्या वेळी उघडलेले असेल तेव्हा आत अवश्य डोकावून पाहावे. दांडा एका आसेवर बेअरिंगांच्या आधाराने बसविलेला असतो. आसेच्या बाहेरच्या बाजूला त्याची लांब भुजा, आणि आतल्या बाजूला वर्तुळाच्या कमानीच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा, ज्याला दुरुस्तीवाले क्वाड्रंट म्हणतात. त्या कमानीवरून एक साखळी खाली लोंबते, आणि साखळीच्या टोकाला सळ्यांची माळ जोडून ती थेट खोल पाण्यातील दट्ट्यापर्यंत नेलेली असते. लांब भुजा आखूड भुजेच्या सुमारे आठपट आहे. आता हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलीमीटर आहे. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर उभ्या राहिलेल्या पाण्याच्या स्तंभाचे वजन सुमारे ९५ किलो भरते, आणि १२ मिलीमीटर जाडीच्या सळ्यांचे, पाण्यात बुडाल्याने घटलेले वजन धरून, आणखी २३ किलोंच्या आसपास. म्हणजे साखळीवर एकंदर ओढ ११८ किलोंची, न्यूटनमध्ये सांगावयाचे तर सुमारे ११६० न्यूटनांची. एवढे वजन सरळ दोराने उचलावयाचे म्हटले तर बळकट पुरुषालाही ते जमणार नाही. दांड्याच्या टोकाला मात्र आठव्या हिश्शाएवढे, म्हणजे घर्षण वगळता सुमारे १४५ न्यूटनांचे बल पुरते, आणि तेही सर्वस्वी हाताला द्यावे लागत नाही, कारण दांडा भरीव लोखंडाचा जाणूनबुजून जड केलेला असून त्याचे स्वतःचे वजन हातभार लावीत असते. साखळीचे बल गुणिले आखूड भुजा, हे एक परिबल. हाताचे बल गुणिले लांब भुजा, हे दुसरे. ही दोन्ही एकाच आसेभोवती परस्परविरुद्ध दिशांनी फिरवू पाहतात, आणि दुसरे पहिल्यापेक्षा किंचित वरचढ झाले की पाणी वर येते. बले येथे कदापि समान नाहीत. समतोल आहे तो परिबलांचा.

साखळी आणि कमान यांची योजना कशासाठी, हे समजले म्हणजे लंबांतराची कल्पना मनात कायमची रुजते. सळई जर दांड्याच्या आतल्या टोकाला साध्या खिळीने जोडली असती, तर दांडा वरखाली होताना ते टोक वर्तुळाच्या मार्गाने फिरले असते, आसेपासून सळईच्या रेषेचे अंतर क्षणोक्षणी बदलले असते, आणि सळई कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकून दट्ट्याला व नळीला घासली असती. साखळी कमानीवर गुंडाळत व उलगडत असल्यामुळे ती नेहमी कमानीला स्पर्श करूनच खाली उतरते; सबब तिच्या रेषेचे आसेपासूनचे अंतर त्या कमानीच्या त्रिज्येइतकेच राहते, दांडा कोठेही असो. आखूड भुजा अशी स्थिर राहिली, परंतु हाताच्या बाजूची भुजा मात्र स्थिर नाही. हात सरळ खाली दाबीत असेल आणि दांडा आडव्या स्थितीत असेल तर पूर्ण लांबी उपयोगी पडते. दांडा आडव्यापासून ३० अंश कलला तर लंबांतर लांबीच्या ८७ शतांश उरते, आणि ६० अंश कलला तर नेमके निम्मे. म्हणून ज्याला कमी थकून पाणी भरावयाचे आहे त्याने आडव्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना बेताचे झोके घ्यावेत, आणि मूठ शक्य तितकी टोकाशी ठेवावी. लहान मुले उंची कमी पडल्यामुळे दांडा मध्यावर धरतात. भुजा निम्मी झाल्यामुळे त्यांना मोठ्या माणसाच्या दुप्पट बल लावावे लागते. कोवळ्या मुलांना पाण्यावर पाठवू नये याचे हे एक सबळ यांत्रिक कारण होय.

त्याच पंपात आणखी एक धडा आहे. दांड्याच्या आसेवर साखळीची ओढ आणि हाताचा दाब हे दोन्ही खालच्या दिशेनेच पडतात, म्हणजे बेअरिंगांना सुमारे १३०० न्यूटनांचा भार पेलावा लागतो. परंतु आसेने दांड्यावर लावलेले प्रत्युत्तरादाखल बल आसेतूनच जात असल्यामुळे त्याचे लंबांतर शून्य, आणि परिबलही शून्य. ते बल दांडा फिरवीत नाही. त्याचा परिणाम बेअरिंग दाबण्यात व झिजविण्यात होतो. बल मोठे असूनही परिबल नसणे हे शक्य आहे, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले तो या दोन राशींची गल्लत सहसा करणार नाही. आणि आठपट बल मिळाले म्हणून ऊर्जेचा काही नफा झाला असेही समजू नये, कारण दट्ट्या एक सेंटिमीटर वर येण्यासाठी दांड्याचे टोक आठ सेंटिमीटर खाली यावे लागते. परिबल आणि कार्य ही दोन्ही बल व अंतर यांच्या गुणाकाराने मिळतात हे खरे. पण कार्यात अंतर बलाच्या दिशेने मोजावयाचे असते, परिबलात ते बलाला आडवे मोजावयाचे असते.

शेतातील जुवाकडे आता पाहू. एक बैल जोमदार आणि दुसरा वयाने किंवा अंगाने उणा अशी जोडी जुंपण्याचा प्रसंग अनेकांवर येतो, आणि अशा वेळी वखराची ओढ जुवाच्या बरोबर मध्यावर ठेवली तर दोन्ही माना समान भार वाहतात. मग उणा बैल मागे पडतो, जू तिरपे होते, आणि हाकणाऱ्याची काठी त्या बिचाऱ्यावरच पडते. यात दोष बैलाचा नाही, अंतराचा आहे. समजा, दोन्ही मानांमधील अंतर दीड मीटर आहे आणि वखर ओढण्यास ५०० न्यूटन लागतात. थोरल्याने ३०० आणि धाकट्याने २०० न्यूटन वाहावेत अशी आपली इच्छा असेल, तर ओढीची जागा थोरल्याच्या मानेपासून ६० सेंटिमीटरवर आणि धाकट्याच्या मानेपासून ९० सेंटिमीटरवर ठेवावी, कारण ३०० गुणिले ६० आणि २०० गुणिले ९० हे दोन्ही १८,००० भरतात. मध्यबिंदूपासून केवळ १५ सेंटिमीटर सरकविण्याचे हे काम आहे. जो बैल लांब भुजेच्या टोकाला, त्याच्यावर भार कमी. शिवाय ओढ जुवाला जेथे अडकते ती जागा मानांच्या रेषेच्या किंचित मागे असेल तर आणखी एक गुण साधतो: एखादा बैल पुढे सरसावून जू तिरपे झाले की ती जागा त्याच्याच बाजूला सरकते, त्याची भुजा आखूड होते, त्याच्यावर भार वाढतो, आणि तो आपोआप आवरला जातो. ज्या सुताराने पहिल्यांदा असे जू केले त्याने आर्किमिडीजचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही; परंतु सिराक्यूसच्या त्या विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात भूमितीने जो तरफेचा नियम सिद्ध केला, तोच या लाकडात उतरलेला आहे.

बंडीच्या चाकाबाबत थोडक्यात सांगतो. बंडीवर हजार किलोंचा माल असेल आणि वंगण घातलेल्या आसावर घर्षणाचे प्रमाण दशांश धरले, तर आसाच्या पृष्ठभागावर सुमारे १००० न्यूटनांचे घर्षण होते. परंतु ते आसाच्या अडीच सेंटिमीटर त्रिज्येवर लागते, आणि बैलांची ओढ चाकाच्या पाऊण मीटर त्रिज्येवर. दोन्ही परिबले समान मांडली म्हणजे त्या घर्षणावर मात करण्यास अवघे ३३ न्यूटन पुरतात असे दिसते. उरलेली सारी ओढ रस्त्याची, चिखलाची आणि चढाची असते. चाक थोरले करण्यामागे आणि आस बारीक पण बळकट ठेवण्यामागे हाच हिशेब आहे.

पाना आणि बोल्ट यांच्याकडे अधिक तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे, कारण येथे परिबलाचे पुन्हा बलात रूपांतर होते, आणि ते रूपांतर डोळ्यांना दिसत नाही. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला २०० न्यूटन काटकोनात लावले तर परिबल ६० न्यूटन-मीटर; त्याच पान्याला नळी चढवून लांबी ९० सेंटिमीटर केली तर, मनगटाला काहीच अधिक न जाणवता, १८० न्यूटन-मीटर. हात थकला नाही म्हणून बोल्टही थकला नाही असे मानणे हीच ती घातक चूक. बोल्ट आवळला म्हणजे तो स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणला जातो, आणि जोड घट्ट राहतो तो या ताणामुळे. कोरड्या, साध्या आट्यांच्या बाबतीत हा ताण काढण्याचा स्थूल नियम असा की, परिबलाला बोल्टच्या व्यासाने आणि ०.२ या गुणकाने भागावे. १६ मिलीमीटरच्या बोल्टला २०० न्यूटन-मीटर परिबल दिले तर २०० भागिले ०.२ भागिले ०.०१६, म्हणजे ६२,५०० न्यूटन, सहा टनांहून अधिक ताण. आता त्याच आट्यांना तेल लावले तर गुणक ०.१५ च्या आसपास उतरतो, आणि तेवढ्याच परिबलाने ताण ८३,००० न्यूटनांवर जातो. पान्यावर दिलेल्या परिबलाचा सुमारे नऊ दशांश भाग नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच खर्ची पडतो, आणि उरलेला एक दशांश बोल्टला ताणतो. म्हणून घर्षणात थोडा फरक पडला की ताणात मोठा फरक पडतो. सबब ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत नटाला जे परिबल सांगितले आहे ते आटे कोरडे धरून की तेल लावून, हे प्रथम वाचावे. टॉर्क पाना मिळत असेल तर तो वापरावा. आणि गंजलेला नट सुटावा म्हणून नळी लावण्यास हरकत नसली, तरी नट आवळताना ती कदापि लावू नये.

याच संदर्भात चाकाचे नट सोडण्याच्या चौफुली पान्याची योजनाही पाहण्याजोगी आहे. साध्या पान्याने एका हाताने जोर लावला म्हणजे नट फिरतो खरा, परंतु तेवढेच बल बोल्टला बाजूलाही ढकलते, आणि पाना घसरून बोटे सोलवटण्याचे कारण बहुधा हेच असते. चौफुली पान्याच्या दोन टोकांवर दोन हातांनी समान आणि विरुद्ध बले लावली तर बाजूचे ढकलणे परस्परांना खोडून काढते, बलांची बेरीज शून्य होते, आणि परिबल मात्र पुरेपूर शिल्लक राहते. बलाशिवाय परिबल असू शकते ते या बलयुग्मात.

विहिरीवरील किंवा कडबा कुट्टीच्या मोटारीवर कारखान्याने लावलेली पट्टी बहुतेकजण वाचीत नाहीत. ५ अश्वशक्ती आणि मिनिटाला १४४० फेरे असे तीवर लिहिले असेल, तर परिबल काढण्याची सोपी रीत ध्यानात ठेवावी: किलोवॅटला ९५५० ने गुणून फेऱ्यांनी भागावे. ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट, उत्तर येते २४.७ न्यूटन-मीटर. या मोटारीवर १० सेंटिमीटर व्यासाची पुली असेल तर पट्ट्याच्या ओढीत २४.७ भागिले ०.०५, म्हणजे ४९४ न्यूटनांचा फरक पडला पाहिजे. आणि यंत्रावर ४० सेंटिमीटरची पुली असेल तर तेथे फेरे ३६० आणि परिबल सुमारे ९९ न्यूटन-मीटर होते. शक्ती तीच, फेरे चौथाई, परिबल चौपट. येथे मी ‘फरक’ म्हटले ते हेतुपूर्वक, कारण पट्ट्याच्या घट्ट बाजूची ओढ वजा सैल बाजूची ओढ यांनीच पुली फिरते, पण शाफ्टला वाकविते आणि बेअरिंगला दाबते ती मात्र या दोन ओढींची बेरीज. पट्टा घसरू लागला की मोटार मागे ओढून तो ताणण्याचा आपल्याकडे सर्वत्र शिरस्ता आहे. त्याने बेरीज वाढते, बेअरिंगचे आयुष्य घटते. त्याऐवजी पट्टा जुना असेल तर बदलावा, आणि शक्य असेल तर दोन्ही पुल्या त्याच प्रमाणात मोठ्या घ्याव्यात, कारण त्रिज्या वाढली की तेवढ्याच परिबलासाठी कमी बल पुरते.

चाकाच्या परिबलाचे गाडी ओढणाऱ्या बलात रूपांतर कसे होते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याने कित्येक पिढ्या पाहिले आहे. कापसाच्या वाहतुकीसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली, मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा या मार्गाने यवतमाळला येणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील गाडी, जिला सारा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो, ती १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. वाफ दट्ट्याला सरळ रेषेत ढकलते. दट्ट्याचा दांडा चाकावरील क्रँकला फिरवितो. आणि क्रँक ज्या क्षणी दट्ट्याच्या अगदी रेषेत येतो, त्या क्षणी वाफेचा पूर्ण जोर आसेतूनच जात असल्यामुळे परिबल शून्य होते. एकच सिलिंडर असलेले इंजिन नेमके त्या स्थितीत थांबले तर वाफ कितीही सोडली तरी ते हलणार नाही. म्हणून दोन सिलिंडरांच्या इंजिनांत एका बाजूचा क्रँक दुसऱ्याशी काटकोनात बसवितात; एक निष्प्रभ असतो तेव्हा दुसरा भर जोरात असतो. हिशेबापुरते धरू की दट्ट्यावर ३०,००० न्यूटन आणि क्रँकची लांबी २० सेंटिमीटर. परिबल जास्तीत जास्त ६,००० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर रुळाशी बल १५,००० न्यूटन. चाक लहान तर बल मोठे आणि वेग कमी, चाक मोठे तर याच्या उलट. मालगाडीच्या इंजिनांची चाके लहान आणि डाकगाडीच्या इंजिनांची मोठी असत ती याच कारणाने.

परंतु गाडीला पुढे ढकलणारे बल शेवटी रूळच देतो, आणि तो घर्षणाने जेवढे देऊ शकेल तेवढेच देतो. त्याहून अधिक परिबल चाकाला दिले तर चाक जागच्या जागी फिरते. पावसाळ्यात असे होऊ लागले म्हणजे इंजिनचालक रुळावर वाळू सोडतात. आपल्या काळ्या चिकण मातीत जुलैमध्ये ट्रॅक्टर फसतो तेव्हा नेमके हेच घडत असते. पहिला गिअर टाकून रेस वाढविल्याने चाकावरचे परिबल वाढेल, पण जमिनीची पकड वाढत नाही; चाक आपल्याखालची माती उकरून अधिकच खोल रुतते. अशा वेळी मागील चाकांवर वजन चढवावे, टायरमध्ये पाणी भरण्याची सोय असेल तर ते भरावे, चाकाखाली दगड-पऱ्हाट्या टाकाव्यात, आणि ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत अवजार उचलून धरावे.

विद्यार्थ्यांना, परीक्षेच्या दृष्टीने, दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. आकृती काढल्याशिवाय गुणाकारास हात घालू नये, आणि आकृतीत आधी आस दाखवावी, मग प्रत्येक बलाची रेषा, मग लंब. घड्याळाच्या दिशेने फिरविणारी परिबले ऋण आणि उलट दिशेची धन असा एकच संकेत उत्तराच्या अखेरपर्यंत पाळावा. दुसरे असे की, वस्तू स्थिर असेल तर परिबलांची बेरीज कोणत्याही बिंदूभोवती शून्यच असते. म्हणून ज्या बिंदूतून अज्ञात बल जाते तोच बिंदू आस म्हणून निवडावा, म्हणजे ते बल समीकरणातून आपोआप गळते आणि दोन समीकरणांचे काम एकात भागते. ही निवड ज्याला साधली त्याचे अर्धे गणित सुटलेच.

हे सर्व वाचून झाल्यावर एका ठिकाणी मात्र तातडीने हा हिशेब लावून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टरचा पी. टी. ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेत असतो. त्याला ३० अश्वशक्ती मिळत असेल तर परिबल सुमारे ३९५ न्यूटन-मीटर होते, आणि सहा सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर, म्हणजे तीन सेंटिमीटर त्रिज्येवर, त्याचे बल १३,००० न्यूटनांच्या वर जाते. तेराशे किलो वजन टांगल्यासारखी ती ओढ आहे. शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो, म्हणजे त्यात अडकलेला धोतराचा सोगा किंवा ओढणीचा पदर सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर या वेगाने गुंडाळला जातो, आणि ज्याच्या अंगावर ते वस्त्र आहे त्याला हाक मारण्यासही उसंत मिळत नाही. या ओढीपुढे कोणाच्याही मनगटाचा जोर कामास येत नाही. म्हणून शाफ्टवर कारखान्याने दिलेले प्लॅस्टिकचे आवरण अडचण होते म्हणून काढून टाकू नये, तुटले असेल तर मळणी सुरू करण्यापूर्वी नवे बसवावे, शाफ्ट ओलांडून पलीकडे जाऊ नये, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय त्याच्याजवळ वाकू नये. भाड्याने थ्रेशर आणणाऱ्याने आवरण आहे की नाही हे पाहूनच सौदा ठरवावा.